मशीन कुठवर, हात कुठून

घरी फर्निचरच्या कामाला आलेल्या सुताराची पिशवी एकदा नीट पाहावी. वर ड्रिल मशीन, कटर मशीन आणि वायरचं भेंडोळं. तळाशी पटाश्या, रंधा, हातोडी, गुण्या, कानस. सकाळभर मशीनचा आवाज इमारतभर घुमतो, पण दार चौकटीत बसवायची वेळ आली की मशीन खाली ठेवलं जातं आणि रंधा बाहेर येतो. मशीन चांगलं की हातहत्यार, हा प्रश्न त्याला पडत नाही. हौसेनं सुतारकाम सुरू करणाऱ्याला मात्र तो हत्यारांच्या दुकानातच पडतो आणि उत्तर बहुधा स्वभावावरून दिलं जातं. ज्याला झटपट काम हवं असतं तो मशीन घेतो. ज्याला रंध्यातून निघणाऱ्या लाकडाच्या सालीची मोहिनी पडलेली असते तो हातहत्यारं घेतो. दोघंही लवकरच अडतात. पहिला नाजूक सांध्यापाशी, दुसरा प्लायवुडच्या पहिल्याच फळीपाशी.

खरं तर निवड स्वभावावर सोडायची गरजच नाही. लाकूड कोणतं, तोच काप किती वेळा घ्यायचा आणि काम कोणत्या जागेत करायचं, एवढं कळलं की हत्यार जवळपास आपोआप ठरतं. हे पडताळून पाहण्यासाठी दोन साधी कामं घेऊ: प्लायवुडचं पुस्तकांचं कपाट आणि सागवानी चौरंग.

कपाट: बत्तीस फुटांचा काप

बाजारात प्लायवुडची फळी साधारण आठ फूट बाय चार फूट मिळते, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. १८ मिलिमीटर जाडीच्या अशा एका फळीत सहा फूट उंच, दोन फूट आठ इंच रुंद आणि जेमतेम फूटभर खोल कपाट नेमकं बसतं. आधी फळीच्या लांबीत तीन काप घेऊन चार पट्ट्या करायच्या. दोन पट्ट्यांतून दोन उभ्या बाजू निघतात. उरलेल्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी तीन, असे सहा आडवे कप्पे. हिशोब केला तर लांबीतले काप २४ फूट होतात आणि आडवे आठ फूट. एकूण ३२ फूट.

हे अंतर हातकरवतीनं कापता येणार नाही असं नाही, पण प्लायवुड हे हातहत्यारांसाठी केलेलं लाकूडच नव्हे. त्यात पातळ थर एकावर एक, रेषे एकमेकांना आडवे ठेवून चिकटवलेले असतात. त्यामुळे करवतीचा दात एका थरात रेषांच्या दिशेनं जातो आणि लगेच पुढच्या थरात रेषांना आडवा. रेषांच्या दिशेनं कापायच्या करवतीचे दात पटाशीसारखे असतात, आडवं कापायच्या करवतीचे सुरीसारखे. प्लायवुडमध्ये दोन्हींची पंचाईत होते. थरांमधला फिनॉल किंवा युरिया फॉर्मल्डिहाइडचा कडक डिंक पोलादाची धार भराभर मारतो. वरचा थर इतका पातळ असतो की काप संपताना त्याच्या चिपा उडतात. रंधा तर इथे जवळजवळ निरुपयोगी, कारण चेहऱ्यावर मारला तर वरचा थर निघून जाईल आणि कडेवर मारला तर पात्यालाच खाचे पडतील.

म्हणून प्लायवुड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांच्यासाठी टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचं गोल पातं लागतं. कार्बाइड पोलादापेक्षा कितीतरी कठीण असल्यानं डिंकाला दाद देत नाही. पात्याला दात जितके जास्त तितका काप स्वच्छ. हातात धरायच्या सर्क्युलर सॉला फळीवर शिकंज्यानं घट्ट बांधलेल्या सरळ पट्टीचा आधार दिला की आठ फुटांचा काप एका दमात सरळ येतो. इथे अनेकजण जिगसॉ घेतात आणि फसतात. जिगसॉचं पातं एकाच टोकाला धरलेलं असतं, त्यामुळे जाड फळीत ते खाली वाकतं आणि कड तिरपी येते. गोलाईसाठी ते उत्तम आहे, लांब सरळ कापासाठी नाही.

कपाटाच्या सहा कप्प्यांची लांबी तंतोतंत सारखी हवी. एक जरी मिलिमीटरभर लांब निघाला तरी सांगाडा गुण्यात बसत नाही. मशीनला एकदा माप बांधून दिलं की पहिला आणि सहावा कप्पा सारखाच निघतो. हातकरवतीत प्रत्येक काप नव्यानं, डोळ्यानं साधावा लागतो. कपाटाचं उत्तर म्हणूनच स्पष्ट आहे. फक्त मशीन स्वतःचंच असलं पाहिजे असं नाही. शहरांतल्या प्लायवुडच्या अनेक दुकानांत किंवा जवळच्या कारखान्यात मोठ्या पॅनेल सॉवर मापानुसार काप करून मिळतात. मापं नीट लिहून नेली, आणि पातं प्रत्येक कापात सुमारे तीन मिलिमीटर लाकूड खातं हे हिशोबात धरलं, तर घरी फक्त भोकं पाडणं, डिंक लावणं आणि स्क्रू आवळणं उरतं.

चौरंग: आठ कुसवं, आठ खाचा

चौरंगाला चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार पट्ट्या आणि वर फळी. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना जिभेसारखं कुसू काढायचं आणि पायात त्याच मापाची खाच पाडायची. पट्टी इंचभर जाड असेल तर कुसू जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचं, म्हणजे तीन सूत. (इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, सुमारे ३.२ मिलिमीटर. टेप सेंटिमीटरचा असला तरी आपल्याकडचे सुतार बोलतात इंच आणि सुतांतच.)

सागवान वखारीतून घ्यावं, आणि ओंडक्यापासून पट्टीपर्यंतचं काम वखारीच्या मशीनवरच करून घ्यावं. जाड फळी लांबीत चिरणं आणि चारही बाजूंनी रंधा मारून सारखी करणं हे कष्टाचं काम आहे. मशीन ते आपल्यापेक्षा बरं करतं आणि त्यात हातानं साधण्यासारखं फारसं काही नसतं. घरी आणायच्या त्या फक्त सरळ, मापाच्या पट्ट्या.

आता खाचा. राउटर नावाचं मशीन त्या सुरेख पाडतं. मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेणारा त्याचा बिट सागवानात सहज शिरतो. पण दोन इंची पायावर राउटर टेकायला जागाच पुरत नाही. त्यासाठी साचा बनवावा लागतो, तो आधी टाकाऊ तुकड्यावर तपासावा लागतो, खोली टप्प्याटप्प्यानं वाढवावी लागते. मशीनचा खरा वेळ कापण्यात जात नाही, जुळवणीत जातो. खाचा ऐंशी असतील तर तो वेळ ऐंशींत वाटला जाऊन नगण्य होतो. आठच असतील तर साचा तयार होईपर्यंत पटाशीवाल्याच्या बऱ्याच खाचा पाडून झालेल्या असतात.

सगळ्यात सोपी वाट मात्र दोन्हींच्या मधून जाते. खाच गुण्यानं आणि मार्किंग गेजनं नीट आखायची. ड्रिलनं तिच्यात ओळीनं भोकं पाडून बहुतेक लाकूड काढून टाकायचं. मग तीन सुती पटाशीनं भिंती उभ्या सरळ करायच्या. ढोबळ काम मशीननं केलं, रेघेपर्यंत मात्र हात गेला. घरगुती सुतारकामाची सगळी वाटणी या एका खाचेत दिसते.

शेवटचं सूत

रेघेपर्यंत जायला हात का लागतो, याचं उत्तर मशीनच्या गतीत आहे. मशीन एका क्षणात जास्त लाकूड काढतं, हाच त्याचा गुण. जिथे फारच थोडं काढायचं असतं तिथे तो दोष होतो. कुसू खाचेत शिरताना अडतंय, पण अगदी थोडंसंच. अशा वेळी मशीन पुन्हा जुळवून केसभर काप घ्यायला गेलं तर बहुधा दोन केस निघतात आणि कुसू खाचेत खुळखुळू लागतं. चांगली धार असलेला छोटा रंधा मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागाइतकी, माणसाच्या केसाहूनही पातळ साल काढतो. एक साल काढा, कुसू घालून पाहा, गरज वाटली तर आणखी एक काढा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारं दार हे याचं रोजचं उदाहरण. लाकूड हवेतली ओल पितं आणि रुंदीत वाढतं. लांबीत मात्र जवळपास वाढत नाही. इलेक्ट्रिक प्लेनरनं एकाच फेऱ्यात मिलिमीटरभर लाकूड उडतं, आणि उन्हाळ्यात लाकूड आकसलं की फट दिसू लागते. हातरंध्यानं जिथे घासतंय तिथल्याच चार साली काढल्या की पुरतं.

पृष्ठभागाचंही तसंच आहे. सँडर लाकूड घासून गुळगुळीत करतो, म्हणजे त्यावर असंख्य बारीक ओरखडे काढतो. ते डोळ्याला दिसू नयेत म्हणून ८०, १२०, १८०, २२० असा बारीक होत जाणारा पेपर वापरायचा असतो. रंध्याचं पातं रेषा स्वच्छ कापतं, त्यामुळे सागवानाची नस उठून दिसते. उलट, रेषे एकमेकांत गुंतलेलं आंब्यासारखं लाकूड रंध्याखाली उपटतं; तिथे सँडरच हवा. मोठी फळी, खूप जागा, रंग द्यायचा आहे, अशा वेळीही सँडरच शहाणपणाचा.

धार येत नसेल तर

हातहत्यारांची बाजू घेणारे एक गोष्ट हळूच सांगतात: दुकानातून आणलेली पटाशी कापत नाही. तिचं पातं कारखान्यात नुसतं घासलेलं असतं. तिची पाठ दगडावर सपाट करावी लागते, मग तोंडाचा उतार २५ अंशांच्या आसपास घासून अगदी टोकाला ३० अंशांची बारीक धार आणावी लागते. सागवानात निसर्गतःच सिलिकाचे कण असतात, त्यामुळे त्यात काम करताना धार आणखी लवकर जाते आणि मधूनमधून दगडाकडे वळावंच लागतं. धार आली की नाही हे मऊ लाकडाच्या कापलेल्या टोकावर पाहावं. पटाशी हातानं ढकलून ते टोक चकचकीत कापलं गेलं तर धार आहे, चुरगळलं तर नाही.

म्हणून पटाश्यांच्या दहा नगांच्या पेटीपेक्षा तीन पटाश्या आणि एक चांगला दुहेरी दगड जास्त उपयोगी. ज्याला दगडाशी बसायचं नाही त्यानं हातहत्यारांच्या नादी लागू नये. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली पटाशी घसरून हातात जाते. धारदार पटाशी त्या मानानं सुरक्षित असते. करवतीचं गणित वेगळं आहे. आजच्या बऱ्याच करवतींचे दात कारखान्यातच कडक केलेले असतात. ते खूप टिकतात, पण कानशीनं पुन्हा धारदार होत नाहीत. झिजल्या की टाकून द्यायच्या.

मशीनवाल्याचीही धारेपासून सुटका नाही, फक्त ती विकत मिळते. बोथट पात्यानं मशीन जड जातं, लाकूड जळून काळं पडतं आणि मोटार तापते. नव्या पात्याचा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा.

गॅलरीतली कार्यशाळा

तिसरा प्रश्न जागेचा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. हातातला सर्क्युलर सॉ लाकडात शिरताना काम करणाऱ्याच्या कानापाशी १०० डेसिबलच्या आसपास आवाज करतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये माणसानं जास्तीत जास्त आठ तास असावं, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती येते पंधरा मिनिटांवर. कान झाकायची साधनं ही चैन नाही. शेजाऱ्यांच्या कानावर तर काही नसतंच, म्हणून मशीनची कामं साठवून एका सकाळी उरकावीत. रात्री जेवणानंतर कुसवं काढत बसायचं असेल तर पटाशीही हातानं ढकलूनच चालवावी, कारण हातोडीचे ठोके खालच्या मजल्यावर पोचतात.

धुळीचं प्रकरण आवाजाहून गंभीर आहे. रंध्याच्या साली आणि हातकरवतीचा भुसा जड असतो, खाली पडतो, झाडून निघतो. सॉ आणि सँडरची बारीक धूळ तासन्‌तास हवेत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. मुख्य धोका नाकाला आणि नाकाजवळच्या पोकळ्यांना. हा धोका वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना जास्त, पण बंद खोलीत सँडर चालवताना एन-९५ मास्क आणि मशीनला जोडलेला व्हॅक्यूम हवाच. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही.

विजेचंही पाहावं. १४०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर खेचतं आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरंच जास्त. ते १६ अँपिअरच्या पॉइंटवरच लावावं; टेबल फॅनच्या बारीक एक्स्टेन्शनवर लावलं तर वायर तापते.

हातहत्यारं मात्र एक गोष्ट मागतात जी मशीनला एवढी लागत नाही: लाकूड हलता कामा नये. जुने सुतार जमिनीवर बसून पायानं फळी दाबून धरतात आणि पूर्ण शरीराचा भार रंध्यामागे घालतात. तशी सवय नसलेल्याला जड, न डगमगणारं टेबल आणि शिकंजे लागतात. जेवणाच्या टेबलावर रंधा मारता येत नाही; टेबलच पुढे सरकतं.

बोटांचा प्रश्न

आपल्याकडे सर्रास दिसणारं दृश्य म्हणजे लाद्या कापायच्या चार इंची कटर मशीनला लाकडाचं पातं लावून प्लायवुड कापणं. अनुभवी सुतार ते चालवतात म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. मिनिटाला १२ हजार फेरे घेणाऱ्या ११० मिलिमीटरच्या पात्याची कड ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगानं फिरते. सर्क्युलर सॉमध्ये काप संपताच खालचं आवरण स्प्रिंगनं आपोआप पात्यावर येतं. कटर मशीनला तसं आवरण नसतं, आणि फळी मध्येच मिटून पातं अडकलं तर मशीन उलट अंगावर उसळतं. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावणं तर त्याहून वाईट. ते कधीही करू नये. टेबल सॉही घरी घाईनं घेऊ नये. एकट्या अमेरिकेत त्याच्या पात्यानं होणाऱ्या, दवाखान्यात न्याव्या लागणाऱ्या जखमा वर्षाला सुमारे ३० हजार असल्याचा तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे.

मशीनजवळ काही नियम पाळायचेच: पातं बदलताना प्लग काढायचा, डोळ्यांना चष्मा, सैल बाह्या नकोत, हातमोजे नकोत. हातमोजा फिरत्या पात्यात अडकला तर बोटालाही आत ओढतो.

खरेदीचा क्रम

घरातलं पहिलं मशीन ड्रिलच असावं, आणि इतिहासही तेच सांगतो. विजेवर चालणारं हातातलं ड्रिल जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं १८९५ मध्ये काढलं. पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेल्या ड्रिलचं पेटंट अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये मिळालं. त्याच कंपनीनं १९४६ मध्ये खास घरगुती वापरासाठी ड्रिल बाजारात आणलं आणि १९६१ मध्ये बॅटरीवर चालणारं. गिरमिट ज्या कामासाठी होतं त्यात हातानं साधण्यासारखं उरलं नाही. भोक हे भोकच असतं. आपल्या भिंती विटांच्या आणि काँक्रीटच्या असल्यानं हॅमर ड्रिल घेतलं तर पडद्याच्या दांडीपासून कपाटापर्यंत सगळं भागतं.

त्यानंतर मापाची हत्यारं: टेप, पोलादी पट्टी, चांगला गुण्या, मार्किंग गेज. मग एक करवत. ओढताना कापणारी जपानी पद्धतीची करवत नवख्याला सोपी जाते, कारण ओढलेलं पातळ पातंसुद्धा वाकत नाही. दोन, तीन आणि आठ सुती पटाश्या, धारेचा दगड, एक लहान रंधा, चार-सहा शिकंजे. एवढ्यात चौरंग होतो. प्लायवुडची कामं खरोखरच येऊ लागली की सर्क्युलर सॉ आणि सँडर घ्यावेत. राउटर सगळ्यांत शेवटी, एकच खाच वीस वेळा पाडायची वेळ येईल तेव्हा.

कपाट आणि चौरंग दोन्ही करायचे असतील तर आधी चौरंग करावा. लाकूड थोडं लागतं, आवाज कमी होतो आणि आठ खाचांत रेघ मारायची, रेघ पाळायची आणि गुण्या तपासायची सवय लागते. पुढे कपाटाच्या ३२ फुटांच्या कापात तीच कामी येते, कारण मशीन आपण आखलेल्या रेघेवर इमानानं चालतं, मग ती रेघ चुकीची का असेना.